लोहकण, चुंबक आणि कॅन्सर: ‘नॅनो’ उपचार म्हणजे नेमकं काय?

‘शस्त्रक्रियेविना गाठ जाळणारे नॅनोकण’ असा व्हिडीओ कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकतं आणि कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घरात आशा जागी होते. यातलं विज्ञान खरं आहे. पण ते अर्धंच सांगितलं जातं.

हे कण लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे गंजाच्याच गोतावळ्यातले. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान. बाहेर चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच ते चुंबकासारखे वागतात, त्यामुळे एरवी एकमेकांना चिकटून बसत नाहीत.

त्यांचा पहिला उपयोग एमआरआयमध्ये झाला. १९९६मध्ये अमेरिकेत यकृताच्या तपासणीसाठी ‘फेरिडेक्स’ मंजूर झालं. निरोगी यकृतातल्या कुप्फर पेशी हे कण गिळतात आणि तो भाग प्रतिमेत काळवंडतो. गाठीत या पेशी फारशा नसल्याने ती उजळ राहते. युक्ती सुंदर होती, पण औषध पुढे बाजारातून गेलं.

उपचाराची गोष्ट बर्लिनची. ‘मॅगफोर्स’ कंपनीच्या पद्धतीला मेंदूतल्या गाठींसाठी २०१०मध्ये युरोपात मान्यता मिळाली. कण थेट गाठीत सोडायचे आणि सेकंदाला सुमारे एक लाख वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. कण तापतात, त्यांच्यासोबत गाठही. इंडक्शन शेगडी आठवली ना? मलाही आठवली. पण तिथे भांड्यात वीजप्रवाह फिरतो. इथे कणाचं चुंबकत्व सतत उलटसुलट होत राहतं आणि त्यातून उष्णता निघते.

आता व्हिडीओत नसलेला भाग. यासाठी कवटीत छिद्र पाडावं लागतं, तेव्हा ‘शस्त्रक्रियेविना’ हा शब्दच चुकीचा. दातांतली धातूची फिलिंग आधी काढावी लागते. कण गाठीतच राहत असल्याने पुढे तिथला एमआरआय नीट दिसत नाही, सीटी स्कॅनवर भागवावं लागतं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रेडिओथेरपीसह हा उपचार घेतलेले, आजार उलटलेले ५९ ग्लायोब्लास्टोमा रुग्ण होते. आजार उलटल्यापासून त्यांच्यापैकी निम्मे साधारण १३ महिन्यांहून अधिक जगले. मात्र तुलनेसाठी चिठ्ठी टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. २०२२मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

याउलट स्तनाच्या कॅन्सरमध्ये तेच लोहकण गाजावाजा न करता काम करताहेत. गाठीजवळ टोचलेले कण काखेतल्या पहिल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात, सर्जन चुंबकीय प्रोबने त्या शोधतो. किरणोत्सारी द्रव्य लागत नाही. यात काहीच ‘जळत’ नाही, म्हणून व्हिडीओही होत नाही.

तुमच्या ग्रुपवर असा व्हिडीओ आला, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: हा उपचार आमच्या प्रकारच्या कॅन्सरसाठी मंजूर आहे, की चाचणीत आहे? आणि चाचणीत असेल, तर पैसे आमच्याकडून का?