हॅम म्हंजे डुक्करच, राव!

सरळच सुरू करतो. गेल्या रविवारी अर्नाळ्यातल्या माझ्या दीड खोलीत मी 'बेक्ड डिश' केली. कोबी, बटाटा, पांढरा सॉस, आत हॅमचे तुकडे, वर किसलेलं चीज. बाहेर पाऊस धो धो. होड्या वर ओढून ठेवलेल्या, किनारा ओस. आईच्या अंगात कणकण. तिला काहीतरी ऊन ऊन, मऊ, दातांना त्रास न देणारं हवं होतं. तेवढ्यात चळवळीतला एक दोस्त टपकला. त्यानं भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काय रे, साहेब झालास काय? हे बुर्झ्वा खाणं आपल्या घरात कुठून आलं?"

त्याला तेव्हा जेवायला वाढलं. उत्तर इथं देतोय.

कुठून आलं ते ऐक. माझी आई १९८० च्या सुमारास मुंबईत एका बंगल्यावर मोलकरीण होती. पहाटेची विरार लोकल, रात्रीची परतीची. त्या घरच्या बाईंनी तिला ही डिश एकदा दाखवली. पुढं वीस वर्षं आईनंच केली. पाहुणे म्हणायचे, वा, काय हात आहे! बाई म्हणायच्या, थँक्यू. हात आईचा, थँक्यू बाईंचं. पार्टी संपली की काचेचं भांडं मोरीत यायचं. त्याच्या कडेला चिकटलेली, करपलेली खरवड आई चमच्यानं सोडवून डब्यात भरायची. आम्ही पोरं झोपेतून उठून तो डबा बोटांनी चाटायचो. चाटताना वाटायचं, जगात याहून भारी काही नाही.

बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली सांगितलं होतं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं खाणं सोडा. गावकीचं उष्टं आमच्या आजोबानं सोडलं. पन्नास वर्षांनी ते काचेच्या भांड्यातून, चीजचा वास घेऊन, आमच्या डब्यात परत आलं. आम्हाला कळलंच नाही. म्हणून दोस्ता, माझा प्रश्न असा नाही की ही डिश आपली की त्यांची. प्रश्न असा आहे की आपण ती बनवायची, तर आपल्या वाट्याला खरवडच का?

आता डिशमध्ये काय काय आहे ते एकेक उचलून बघू. कोबी, बटाटा, पाव हे शब्दच मराठीत पोर्तुगीजांकडून आले. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्या ताब्यात होती. समोरचा अर्नाळ्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ ला घेतला. सत्ता गेली, पण बटाटा राहिला. आज उपासाच्या पवित्र ताटात तो सगळ्यात पुढं बसतो. त्याला कोण विचारतं, तू परदेशी का? चीज म्हणजे दूध. १९४६ साली आणंदला शेतकऱ्यांचा दूधसंघ उभा राहिला, त्यातून अमूल आलं. संघाच्या कॅनमध्ये दहा घरचं दूध एकत्र झालं की त्यातून जात वेगळी काढणारं यंत्र अजून निघालेलं नाही. मीठ तर आपल्याच वसई-भाईंदरच्या मिठागरांतलं, पाय सोलून काढणाऱ्यांच्या घामाचं.

राहिलं हॅम. इथंच सगळी गोम आहे.

हॅम म्हणजे डुकराची मागची तंगडी. मीठ आणि सोरा लावून मुरवायची, कधी वर धूर द्यायचा. मीठ पाणी ओढून घेतं, मांस टिकतं. सोऱ्यानं त्याचा गुलाबी रंग राहतो. अर्नाळ्याच्या कोळणी मासळीला मीठ लावून वाळवतात, त्यातलं शास्त्र हेच. म्हंजे विद्या परकी नाही. परकं आहे ते नाव. गावात डुकरं राखणारा कैकाडी, वडार. त्याच्या अंगाला वास येतो म्हणून त्याला लांब बसवायचं. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) डुक्कर पकडायला लावलेल्या त्या पोराच्या डोळ्यांत सगळा गाव उघडा पडतो. पण तेच डुक्कर कारखान्यात गेलं, पातळ चकत्या झाल्या, प्लास्टिकात बसलं, की झालं हॅम. मग तीच मंडळी हॉटेलात काट्या-चमच्यानं खातात. डुक्कर तेच. नाव बदललं आणि जात बदलली!

हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. वॉल्टर स्कॉट नावाच्या लेखकाच्या 'आयव्हॅनहो' कादंबरीत (१८१९) एक विदूषक डुकरं राखणाऱ्या गड्याला हीच गंमत समजावतो. जनावर जिवंत असतं, गुलामाच्या राखणीत असतं, तोवर त्याला गड्यांच्या सॅक्सन भाषेतलं नाव. शिजून सरदाराच्या मेजावर गेलं की मालकांच्या नॉर्मन भाषेतलं नाव, पोर्क. राखायचं एकानं, खायचं दुसऱ्यानं, आणि बारसंही खाणाऱ्यानंच करायचं. शोषण शब्दकोशातसुद्धा शिरतं ते असं.

आणि ते सोवळेवाले? खोली बघायला गेलो तेव्हा विरारमधल्या एका सोसायटीत मला पहिला प्रश्न विचारला, "नॉनव्हेज खाता का?" आडनाव विचारायची चोरी, म्हणून ताट विचारायचं. मी हो म्हणालो. खोली गेली. म्हणून तर अर्नाळ्यात आलो, जिथं सगळ्या गावालाच सुक्या बोंबलाचा वास आहे. अशांना एक बातमी देतो. युरोपातलं अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं दूध फाडूनच करतात. परदेशी जाऊन पास्त्यावर ते भुरभुरवणाऱ्यांनी आमच्या कढईला नाक मुरडू नये. आपल्याकडच्या चीजवर हिरवा ठिपका असतो, ते रेनेट जनावराचं नसतं. आपल्याला दोन्ही चालतं. आपण नाक मुरडत नाही.

आता करायचं कसं ते सांगतो, कारण नुसत्या भाषणानं पोट भरत नाही. चार माणसांना एक मध्यम कोबी, चार बटाटे, दीडशे ग्रॅम हॅम, शंभर ग्रॅम चीज, अर्धा लिटर दूध, दोन मोठे चमचे लोणी, तीन मोठे चमचे मैदा. हॅम वसईत कोल्ड स्टोरेजवाल्याकडं मिळतं. बटाटे उकडून चकत्या करा. कोबी जाड चिरून मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि मग घट्ट पिळा. इथं आळस केलात तर कोबीचं पाणी सॉसमध्ये उतरतं आणि सगळं पाणचट होतं.

लोण्यात मैदा मंद आचेवर परता. लाल होऊ देऊ नका, फक्त कच्चा वास जाऊ द्या. मैद्याच्या कणाकणाला लोणी लागलं की गुठळ्या होत नाहीत. मग दूध थोडं थोडं घालत ढवळा. चमच्याच्या पाठीला चिकटेल इतकं दाट झालं की मिरपूड, चिमूटभर जायफळ, अर्धं चीज. मीठ आधी घालू नका. हॅम खारट, चीज खारट. चाखून बघा, मगच हात सोडा. भांड्याला लोणी लावून बटाटा, कोबी, हॅम, सॉस असे थर द्या. वर उरलेलं चीज आणि शिळ्या पावाचा चुरा.

ओव्हन नाही? माझ्याकडंही नाही. जाड टोपात दोन बोटं कोरडी वाळू घाला, वर तिवई, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग भांडं आत ठेवा. झाकणावर निखारे ठेवायचे, म्हणजे वरची साय लाल होते. अर्धा-पाऊण तास. ओव्हन असेल तर १९० डिग्रीला पंचवीस मिनिटं पुरे. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, म्हणजे थर बसतात. मुसलमान दोस्त जेवायला असेल तर हॅमऐवजी भिजवून परतलेले सोडे घाला. खारट, खमंग, आणि सगळे एका ताटात बसतात.

शेवटचं, त्या दोस्तासाठी. आपल्या आयाबायांनी शिजवलेलं दारिद्र्याचं अन्न लिहून ठेवलंच पाहिजे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये (२०१५) ते केलं, कारण पाककृतीच्या पुस्तकांत आपली चूल कधी आलीच नव्हती. पण म्हणून आपण जन्मभर चान्याच खायच्या, आणि लोणी-दूध-चीज त्यांच्यासाठी राखून ठेवायचं? दु:खाची चव आपली आणि सुखाची चव त्यांची, ही वाटणी कुणी केली? ती मला मान्य नाही. आजारपणात, पावसात, थकल्यावर जिवाला ऊब देणारा घास हा काही बंगल्याचा मालकी हक्क नाही.

त्या रविवारी मी आईला भांड्याच्या मधला, लुसलुशीत तुकडा वाढला. तिनं खाल्ला. मग म्हणाली, "बाळा, कडेची खरवड दे ना रे."

माझ्या पोटात कालवलं. म्हटलं, "आई, आता तरी नको."

ती हसली. म्हणाली, "अरे येड्या, सगळ्यात चवदार तेच असतं. त्या बाईला कधी कळलंच नाही."

मी भांडं तिच्यासमोर ठेवलं. अख्खं.