आधीं कागद, मग संगणक

खेळांसाठीं स्वतः संगणक जुळवावा, त्यांत दोन ग्राफिक्स कार्डें बसवावीं आणि तीं पाण्यानें थंड ठेवावीं, ही हौस हल्लीं वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलांस असते. ही गोष्ट घरीं निघाली म्हणजे बहुधा दोनच प्रकार घडतात. कांहीं पालक 'आधीं अभ्यास कर' असें म्हणून मागणी धुडकावून लावतात. कांहीं मुलाचा रुसवा नको म्हणून पैसे काढून देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे आहेत. पहिल्यानें मुलाची जिज्ञासा मरते; दुसऱ्यानें ती जागीच होत नाहीं. मुलाच्या हातीं प्रथम कागद द्यावा आणि यंत्राचा पुरा आराखडा हिशेबासह मांडून आणण्यास सांगावें, हा तिसरा मार्ग आम्हांस श्रेयस्कर वाटतो.

हा आराखडा कसा असावा, तें एका उदाहरणानें पाहूं. 'जीटीएक्स १०८० टीआय' हें २०१७ सालचें कार्ड आहे. एक नवें भारी कार्ड घेण्याऐवजीं अशीं दोन जुनीं घेतलीं तर शक्ति दुप्पट होईल, असा मोह साहजिकच होतो. परंतु दोन बैल एका जुवास जुंपले, तरी त्यांस एका चालीनें हांकणारा नसेल तर तास सरळ निघत नाहीं. कार्डांचेंही तसेंच आहे. तीं जोडण्याची युक्ति थ्रीडीएफएक्स कंपनीनें १९९८ सालीं 'वूडू २' या कार्डांत आणली. पुढें २००४ सालीं एनव्हिडिया कंपनीनें ती 'एसएलआय' या नांवानें पुन्हां चालू केली. या पद्धतींत बहुधा एक चित्र एका कार्डानें व त्यापुढील चित्र दुसऱ्यानें काढावयाचें असे. पण चित्रांमधील अंतर नेहमीं सारखें राहत नसे व दृश्य अडखळत असे. शिवाय दोन्ही कार्डांस तीच सामग्री आपापल्या स्मृतींत ठेवावी लागे. त्यामुळें ११ जीबीचीं दोन कार्डें मिळून २२ जीबी होत नसत, ११ च राहत. शेवटीं १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानें जुन्या कार्डांसाठीं नव्या खेळांची एसएलआय-सोय करून देणें थांबविलें. २०२२ सालीं निघालेल्या 'आरटीएक्स ४०' मालिकेंत तर कार्डें जोडण्याची जागाच ठेविली नाहीं. आजचे बहुतेक नवे खेळ दुसऱ्या कार्डाचा उपयोगच करीत नाहींत.

आतां उष्णतेचा हिशेब घेऊं. वरील एक कार्ड भर कामांत सुमारे २५० वॅट वीज घेतें. दोहोंचे ५०० झाले. प्रोसेसरचे १०० धरिले म्हणजे ६०० वॅट होतात, आणि ही जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णताच होते. एक लिटर पाणी एक अंशानें तापण्यास सुमारे ४,२०० ज्यूल लागतात, हें आमचे विद्यार्थी शिकलेलेच आहेत. मिनिटास एक लिटर पाणी फिरत असेल, तर एका फेरींत तें सुमारे साडेआठ अंश तापेल. पाणी ही उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें ती कार्डापासून रेडिएटरपर्यंत वाहून नेतें, आणि तेथून पंखे ती खोलींतच सोडतात. म्हणून खोलीच्या हवेपेक्षां हें पाणी थंड होत नाहीं. वैशाखांत ज्या खोलीचें उष्णतामान ४० अंशांवर जातें, तेथें ६०० वॅटची शेगडी पेटवून बसण्यासारखेंच हें आहे. रोज चार तासांप्रमाणें महिन्यास ७२ युनिट वीज जळेल, ती निराळीच. पंप, नळ्या व रेडिएटर यांची किंमतही मांडिली पाहिजे. तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे भाग एकाच पाण्यांत आले तर गंज चढतो, व एखादा सांधा गळला तर सारें यंत्र बिघडूं शकतें, हेंही लिहावें.

इतकें मांडल्यावर बहुतेक मुलांस एकच, पंख्यानें थंड होणारें कार्ड पुरेसें आहे, असें त्यांचें त्यांसच दिसून येईल. याचा अर्थ दोन कार्डें सर्वत्रच निरुपयोगी, असा नव्हे. त्रिमितीय चित्रें रचण्याच्या किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामीं दोन कार्डांस निरनिराळें काम वाटून देतां येतें, व तेथें त्यांचा खरा उपयोग होतो. म्हणून 'कशासाठीं?' हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्याच ओळींत असावा.

यंत्र घ्यावयाचेंच नसेल तर एवढे श्रम व्यर्थ, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या मुलानें वॅट, अंश व रुपये यांचा मेळ एकदां स्वतः घातला, त्यास दुकानदाराच्या शब्दांनीं सहसा फसवितां येणार नाहीं.

पालकांस मात्र आमची एक विनंती आहे. यांतील कित्येक शब्द आपणांस नवे असतील. तरी लाज न धरितां मुलाजवळ बसावें आणि काय हवें, कशासाठीं हवें, उष्णता कोठें जाणार, बिघडल्यास दुरुस्त कोण करणार, हें त्याजकडून समजून घ्यावें. आराखडा लंगडा ठरला तर नकार द्यावा, पण कारण सांगून द्यावा. आणि हिशेब चोख निघाला व घरची ऐपत असली, तर दिलेला शब्द पाळावा. विचारपूर्वक केलेल्या मागणीस घरांत मान मिळतो असें मुलास एकदां दिसलें, म्हणजे पुढची मागणी तो विचार केल्यावांचून करणार नाहीं.