भुकेचे अर्थशास्त्र

भयकथा आणि प्रहसन यांची सांगड घालून समाजावर भाष्य करण्याचा प्रयत्न सहसा फसतो. एक तर भय उरत नाही, नाही तर हसू ओशाळते. ‘नेटफ्लिक्स’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेली आणि तीस भागांनंतर २०१९ मध्ये थांबविलेली ‘सांता क्लॅरिटा डाएट’ ही अमेरिकी मालिका प्रस्तुत लेखकाने अलीकडेच पाहावयास घेतली. पहिल्या काही भागांवरून बनलेले मत असे, की ती हसविते उत्तम. बोचण्याच्या वेळी मात्र हात आखडता घेते.

कॅलिफोर्नियातील एका सुखवस्तू उपनगरात घरे विकण्याचा व्यवसाय करणारे शीला आणि जोएल हॅमंड हे दांपत्य. गिऱ्हाइकांना घर दाखवीत असतानाच शीलाला भयंकर वांत्या होतात, ती मरते आणि उठून बसते. हृदयाचे ठोके बंद, उत्साह दुणावलेला, आणि भूक नरमांसाची! अंगचटीला येणारा एक सहव्यावसायिक पहिला बळी ठरतो. त्यानंतर पतिराजांपुढे उभा राहणारा प्रश्न पापपुण्याचा कमी, पुरवठ्याचाच अधिक असतो. माल आणावयाचा कोठून आणि साठवावयाचा कोठे? शेजारणींबरोबर फिरावयास निघालेली शीला मिक्सरमधून काढलेले मांस पेल्यातून घोट घोट पिते, आणि कोणाला काही खटकत नाही. उपनगरी सभ्यतेवर याहून नेमके भाष्य या भागांत दुसरे नाही. ड्रू बॅरीमोर यांचा प्रसन्न, निरागस चेहरा येथे मोठे काम करतो.

या ‘झॉम्बी’ची कुळकथा ध्यानात घेण्याजोगी आहे. हैतीच्या लोकसमजुतीतील झॉम्बी खाणारा नव्हता, राबणारा होता. उसाच्या मळ्यांत गुलामगिरी भोगलेल्या समाजाचे ते भय होते: मेल्यावरही कामातून सुटका नाही. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ च्या चित्रपटात मृतांना भक्षक केले आणि १९७८ च्या चित्रपटात त्यांना थेट बाजारसंकुलात आणून सोडले. श्रमिकाचा असा ग्राहक झाला. तथापि रोमेरो यांचे ग्राहक निदान किळसवाणे तरी होते. शीला तृप्त आहे, टवटवीत आहे, आणि आपल्याला ती आवडते.

आमच्या उपभोगाच्या सिद्धांतात ग्राहकाची आवड गृहीत धरतात; ती तशी का, हे विचारावयाचे नसते. जोएल नेमके हेच करतो. पण लेखकमंडळीही तेच करतात, ही माझी तक्रार आहे. ‘खावयाचेच, तर दुर्जनांना खाऊ’ असा तोडगा हे दांपत्य काढते. दुर्जन कोण, हे ठरविणार भुकेलेलाच! या विलक्षण सोयीस्कर न्यायाची खिल्ली उडवावयास हवी होती. त्याऐवजी दुर्जन आयते समोर येतात, आणि प्रेक्षकाला जेवणाऱ्यांच्या पंगतीत बिनघोर बसता येते. ज्याच्यासाठी घरी कोणी वाट पाहत आहे, असा एखादा साधा पगारदार त्या शीतपेटीत जाऊन पडला असता, तर हे हसू किती वेळ टिकले असते? उरलेले भाग मी पाहणार आहे, ते त्याच्या प्रतीक्षेत.