पावतीवरचं जुनं नाव

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदललं. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, ऑक्टोबरमध्ये केंद्राचा होकार आला आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्यावर कोणाचं काय मत आहे हा या लेखाचा विषय नाही. तो चहाच्या टपरीवर पुरेसा झालेला आहे. माझा विषय फारच किरकोळ आहे. माझे मामा ज्या पतसंस्थेत संचालक आहेत तिथली पाटी बदलली, लेटरहेड बदललं, शिक्के बदलले, पण संगणकातून निघणारी पावती मात्र अजूनही 'जि. अहमदनगर' अशीच येते. कारकुनाने यावर तोडगा काढलाय. नव्या नावाचा एक छोटा रबरी शिक्का करून घेतलाय आणि प्रत्येक पावतीवर जुन्या नावाच्या बरोब्बर डोक्यावर तो मारायचा. दिवसाला शे-दीडशे वेळा!

एक शब्द बदलायला काय लागतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही लोक तेच विचारतात, कारण घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी. तर ऐका.

संस्थेने साधारण पंधरा वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं की सर्व्हरला एक पैसा लागणार नाही, सगळं फ्री आहे. हे खोटं नव्हतं. खाली टॉमकॅट नावाचा सर्व्हर आहे. तो मुळात सन कंपनीत लिहिला गेला, १९९९ मध्ये सनने तो अपाची फाउंडेशनला देऊन टाकला आणि तेव्हापासून तो कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा, त्याचा कोड वाचावा, बदलावा. डेटाबेस पोस्टग्रेस, तोही तसाच. यातल्या कशालाही लायसन्सची फी नाही. संचालक मंडळ खूश झालं. ठराव मंजूर.

पण या फुकटच्या सर्व्हरवर जे चालतं ते ॲप्लिकेशन एका 'वॉर' फाइलमध्ये बांधून येतं. ही फाइल म्हणजे एक झिपच असते. टॉमकॅटच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली की तो ती स्वतःच उलगडतो आणि दोन मिनिटांत सगळं सुरू. बसवायला इतकं सोपं की आमच्या मॅनेजरनेही ते फोनवर ऐकून केलं असतं. आत मात्र जे असतं ते कंपाइल केलेलं असतं. गहू दळून पीठ करावं तसं. पिठाच्या पोळ्या करा, शिरा करा, पण पेरायला ते चालत नाही. साधारणपणे जावाच्या वेब ॲप्लिकेशनमधली पानं तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतील अशी ठेवलेली असतात. या महाशयांनी तीसुद्धा आधीच कंपाइल करून पाठवली. आणि जिल्ह्याचं नाव नेमकं त्या पानांत, पावतीच्या मथळ्यात, थेट लिहून ठेवलेलं. शिवाय सगळ्याला कुलूप : सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा नंबर जुळला तरच चालेल.

आता हे करणारा माणूस लबाड होता का? मला नाही वाटत. दोन-तीन पोरांची कंपनी, भाड्याचा गाळा, आणि आमच्या जिल्ह्यात पतसंस्था म्हणाल तर वाटेल तितक्या. एकीला विकलेली सीडी पेनड्राइव्हवरून दुसरीकडे जायला किती वेळ लागतो? सोर्स कोड हीच त्यांची एकुलती एक मिळकत, ती कशी हातातून देतील? मी त्यांच्या जागी असतो तर मीही कुलूप लावलं असतं. फक्त पुढे काय झालं तर कंपनी बंद पडली, एक जण हिंजवडीला नोकरीला लागला, दुसऱ्याचा फोन लागत नाही. कुलूप राहिलं, किल्ली गेली.

मामांचं म्हणणं, "आपण पैसे मोजून करून घेतलं ना? मग ते आपलंच की!" बहुतेक संचालकांना असंच वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. (हो! पिग्मीचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर आणि कादंबरी कायद्याच्या एकाच खणात. ह. घ्या.) पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क मालकाचा, पण बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतलं तर हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो. वेगळा करार असला तरच तो आपला. हक्क हस्तांतर करायचा तर लेखी, सहीनिशी करावा लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. आमच्या संस्थेच्या फाइलमध्ये आहे फक्त एक बिल.

त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये थोडी फट आहे. प्रोग्राम ज्याच्याकडे रीतसर आहे तो, ज्या कामासाठी प्रोग्राम दिला गेला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून, त्याची प्रत किंवा त्यात फेरबदल करू शकतो. जावाचं पीठ पुन्हा बऱ्यापैकी गव्हासारखं करून दाखवणारी साधनंही मिळतात. पण करणारा जाणकार हवा आणि तो शिक्क्यापेक्षा महाग पडतो, म्हणून शिक्का.

पण मला खरं बोलायचंय ते पावतीबद्दल नाहीच. नाव बदललं म्हणून ही गोष्ट डोळ्यांना दिसली. न दिसणारी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३२ वाचा. सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन, कामाच्या वेळेत, फुकट, पोटनियम, ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी असलेलं दप्तर बघायचा हक्क आहे. सहकाराचा पायाच हा. आमच्या प्रवरानगरला विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी १९५० साली कारखाना उभा केला तो शेतकऱ्याला हे पटवूनच की हिशेब तुझ्यासमोर उघडा राहील. आता दप्तर संगणकात आहे. नोंद दिसते, आकडा दिसतो, पण आकडा कसा आला तो नियम कंपाइल झालेल्या फाइलच्या पोटात आहे.

साधं उदाहरण घ्या. एक लाख कर्ज, बारा टक्के व्याज. रोजचं व्याज काढताना वर्षाला ३६५ ने भागलं तर ३२ रुपये ८८ पैसे येतात, ३६० ने भागलं तर ३३ रुपये ३३ पैसे. रोजचा फरक ४५-४६ पैशांचा. वर्षाला १६६ रुपये ६७ पैसे. एकाच कर्जाचं असेल तर कागद-पेन्सिल घेऊन ओळखाल. पण मधे हप्ते भरलेत, एखादा चुकलाय, दंडव्याज लागलंय, पैसे जवळच्या रुपयात पूर्ण केलेत, मग ओळखून दाखवा! लेखापरीक्षक येतात ते छापलेल्या यादीवर बरोबरच्या खुणा करून जातात. यादी ज्याने छापली त्याला कोणी विचारत नाही.

उसाच्या काट्याबद्दल आपल्याकडे किती बोंब होते! काटामारीचा संशय आला की शेतकरी ट्रॅक्टर बाहेरच्या काट्यावर वजन करून आणतो. आणि काट्याची ठरावीक मुदतीने तपासणी होते, वैधमापनवाले येतात, शिक्का मारतात, सील लावतात. व्याज मोजणारं सॉफ्टवेअर हाही काटाच आहे. त्याला कुठलं सील आहे? त्यात गडबड आहे असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण 'बहुधा' या शब्दावर संस्था चालवायची का?

आणि फुकटच्या सर्व्हरचं म्हणाल तर त्यालाही वय असतं. टॉमकॅट ८.५ ची देखभाल ३१ मार्च २०२४ ला थांबली. टॉमकॅट १० मध्ये आतली नावंच बदलली, त्यामुळे जुनी वॉर फाइल थेट चालत नाही. अपाचीने रूपांतराचं साधन दिलंय, पण रूपांतर झाल्यावर सगळं नीट चालतंय का हे तपासणार कोण? ओरॅकलने २०१९ पासून धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जावा ८ च्या नव्या अपडेट्सना पैसे लावले आणि जानेवारी २०२३ पासून तर नोकरांच्या संख्येवर आकारणी आणली. ओपनजेडीके फुकट आहे म्हणून निभावतं. म्हणजे बघा, उघडी असलेली गोष्ट अडली तर दुसरी वाट सापडते. अडतं ते बंद पेटीपाशीच.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्राने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचं, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांचं, संगणकीकरण मंजूर केलं. रक्कम २,५१६ कोटी. निदान तिथे प्रत्येक गावाने आपला वेगळा प्रोग्रामर शोधायचा हा प्रकार संपेल. पण बिगरशेती पतसंस्था, ग्राहक भांडारं, शिक्षणसंस्था, दूध संस्था ज्याच्या त्याच्या नशिबावर आहेत.

मामांनी मला अडवलंच. "अरे बाबा, सोर्स घेऊन आम्ही काय लोणचं घालायचं? वाचणार कोण?" रास्त प्रश्न आहे. पण कलम ३२ खाली दप्तर तरी रोज कोण बघायला जातं? वर्षात एखादा येतो. तो येऊ शकतो म्हणून बाकीचे ३६४ दिवस दप्तर नीट राहतं.

सगळा सोर्स विकणाऱ्याने उघडा टाकावा असा माझा आग्रह नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने इआरपीनेक्स्ट हे अख्खं हिशेबाचं सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली उघडं ठेवलंय आणि ते चालवून देण्याचे, सांभाळण्याचे पैसे घेऊन धंदा केलाय. पण दोन पोरांच्या कंपनीला लगेच ते झेपेल असं नाही. त्यांच्याकडून इतकं तरी घ्यावं : सोर्सची सीलबंद प्रत तिसऱ्या कोणाकडे, बँकेच्या लॉकरमध्ये का होईना, आणि कंपनी बंद पडली किंवा ठरलेल्या दिवसांत दाद दिली नाही तर सील फोडायचा आणि संस्थेच्या कामापुरते बदल करायचा लेखी अधिकार. प्रत नुसती ठेवायची नाही, तिच्यापासून वॉर फाइल आपल्यासमोर तयार करून दाखवायची, नाहीतर लॉकरमध्ये काय आहे देव जाणे. व्याजाचा नियम साध्या मराठीत लिहून पोटनियमांच्या फाइलला जोडायचा. गावाचं, जिल्ह्याचं नाव, व्याजदर, कराचे दर असल्या बदलणाऱ्या गोष्टी बाहेरच्या साध्या फाइलमध्ये. जीएसटीचे दर सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले तेव्हा किती दुकानदार प्रोग्रामरच्या मागे धावले ते आठवा.

यासाठी विकणारा दहा-वीस हजार जास्त मागेल. मागू द्या. ते पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते न देणाऱ्या संचालकाला सभेत प्रश्न विचारावेत असंही.

संस्था आता नवीन सॉफ्टवेअर घेणार आहे. तीन कोटेशनं आलीत, तिन्हीत 'सर्व्हर लायसन्स : शून्य रुपये' असं ठळक अक्षरात आहे आणि सोर्सबद्दल एक ओळ नाही. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे. आयत्या वेळच्या विषयांत हा विषय घ्यायचं मामांनी कबूल केलंय. मसुदा मी लिहून दिलाय, दोन पानांचा. "एका पानात बसव, चेअरमन दुसरं पान उलटत नाहीत," म्हणून परत आलाय. आज रात्री बसतो.