नालसारच्या दारात सीमेची रेघ : एकच तांडा, तीन प्रवर्ग

हैदराबाद : शामीरपेटच्या नालसार विधी विद्यापीठात जागा मिळावी, हे सीमाभागातल्या अनेक पोरांचं स्वप्न. १९९८ साली राज्याच्या कायद्याने उभं राहिलेलं हे विद्यापीठ किनवट-धर्माबादकरांना मुंबईपेक्षा जवळचं. पण विधी प्रवेशातल्या आरक्षणाची चर्चा ‘गुणवत्ता की जात’ इथेच घोटाळते. सीमेवरचा प्रश्न वेगळाच आहे : प्रमाणपत्र कुठल्या राज्याचं?

बंजारा समाजाचं उदाहरण घ्या. तेलंगणात लंबाडा म्हणून तो अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तर महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) प्रवर्गात येतो. बोली तीच, सोयरीकही सीमेपलीकडे. तरी आदिलाबादच्या तांड्यातला मुलगा नालसारमध्ये एसटीच्या जागेवर दावा सांगू शकतो, किनवटचा त्याचा मामेभाऊ नाही. महाराष्ट्रातलं ३ टक्के विजा-अ आरक्षण सीमेपलीकडे चालत नाही. केंद्रीय संस्थांत तो ओबीसी ठरतो. पण राष्ट्रीय विधी विद्यापीठं ‘राष्ट्रीय’ नावाची असली तरी राज्यांच्या कायद्यांवर चालतात. केंद्राचं २७ टक्के ओबीसी आरक्षण त्यांना आपोआप लागू होत नाही, आणि अखिल भारतीय जागांत ओबीसींचा वाटा सगळीच विद्यापीठं ठेवत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच यावर निकाल दिला. आंध्रात जन्मलेला, मुंबईत शिकलेला एक विद्यार्थी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात एसटी कोट्यातून प्रवेश मागत होता. त्याचा समाज आंध्रात एसटी होता, महाराष्ट्रात नव्हता. मागासलेपण त्या-त्या राज्यातल्या परिस्थितीवर ठरतं, स्थलांतराबरोबर सवलत येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. २०१८ च्या निकालातही हेच तत्त्व कायम राहिलं.

तर्क पटण्यासारखा आहे. पण इथे माणसं हलली नाहीत, सीमा हलली. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे १९७६ च्या कायद्याने तेलंगणातले लंबाडा एसटीत आले. वीस वर्षांआधी महाराष्ट्रात गेलेले तांडे बाहेरच राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेट मान्य होताच बंजारा समाजाने त्याच आधारावर एसटीची मागणी लावून धरली, ती यामुळेच.

दुसरी बाजूही खरी आहे. आदिवासी संघटनांचा याला कडाडून विरोध आहे. आदिलाबादमध्ये २०१७ साली गोंड आणि लंबाडा यांच्यातला वाद चिघळला, तो मर्यादित जागा कोणाच्या वाट्याला येतात यावरूनच. ताट तेवढंच ठेवून पंगत वाढवली, तर उपाशी कोण राहणार? गोंड दोन्ही राज्यांत एसटी आहेत. पण कागदावर हक्क असूनही क्लॅट इंग्रजीतूनच होते आणि फी लाखांत जाते. महाराष्ट्राची विधी सीईटी मराठीतून देता येते, हा फरक लहान नाही.

यादी बदलणं संसदेच्या हाती आहे, त्याला वेळ लागेल. पण सीमेवरच्या जिल्ह्यांत क्लॅटची मोफत तयारी, विजा-भज मुलांना राज्याबाहेरही लागू होणारी शिष्यवृत्ती आणि अखिल भारतीय जागांत ओबीसींचा वाटा, एवढं करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. पालकांनीही फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट बघावी : आपला दाखला त्या विद्यापीठात कोणत्या प्रवर्गात धरला जातो? निकालानंतर हे कळलं, तर वर्ष वाया जातं.