'लाभांश' गेला, संभ्रम कायम

अंबरनाथ, प्रतिनिधी

उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरच्या नोकरदाराने म्युच्युअल फंडात बचत गुंतवताना योजनेच्या नावावर किती विसंबावे? 'लाभांश' या शब्दाने अतिरिक्त कमाईचा समज होत असे. प्रत्यक्षात ५० रुपये मूल्याच्या युनिटवर ५ रुपये लाभांश दिला की मूल्य ४५ रुपयांवर येते. म्हणजे गुंतवणूकदाराचाच पैसा त्याला परत मिळतो. म्हणूनच 'सेबी'च्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून या पर्यायाचे नाव 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल' झाले. नाव प्रामाणिक झाले खरे. पण व्यवहारात त्याचे 'आयडीसीडब्ल्यू' एवढेच उरले. 'यात तुमचे भांडवलही परत दिले जाऊ शकते', हे ग्राहकाला स्वच्छ मराठीत सांगितले जाईपर्यंत हे संरक्षण अपुरेच राहील.