सगळं इंग्रजांच्याच माथी?

श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच सुरू: "इंग्रजांनी फोडा आणि झोडा केलं हो!" मान्य. मळ्यांवर राबायला तमिळ मजूर त्यांनीच नेले. पण फेब्रुवारी १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी लाखो मळेकामगारांना बिनदेशाचं करणारा नागरिकत्व कायदा कोणी केला? कोलंबोतल्या संसदेनं. पुढच्या वर्षी मताचा हक्कही काढून घेतला.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही, हे मी मुद्दाम सांगतोय. १९६४ चा शास्त्री-सिरीमावो करार काढून वाचा. ५,२५,००० माणसं भारतात, ३,००,००० तिकडे, उरलेल्या १,५०,००० चं नंतर बघू! पोत्यांची वाटणी करावी तशी. ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी विचारलं होतं? आणि तेव्हा तिथं कुठला गोरा साहेब बसला होता, तेवढं सांगा.